दोरीवरचे व्याही

लग्न जमवताना लोक पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, मुलाची नोकरी आणि मुलीचा स्वभाव पाहतात. दोन्हीकडचे बाप एकाच वेळी दोरीवर उभे राहू शकतात का, हे कोणी पाहत नाही. आमच्याकडे तेही पाहून झालं.

मी पितांबर कोठावदे. जळगावला पिंप्राळ्यात राहतो आणि विमा कंपनीत नोकरी करतो. अपघात हा माझा रोजचा विषय, पण कायम दुसऱ्याचा. आमची मेघा नाशिकला एका कंपनीत आहे. त्या कंपनीने सगळ्या पोरापोरींना पिंपळनेरजवळच्या डोंगरात एका शिबिराला नेलं होतं. तिथे झाडांना आणि खांबांना दोर बांधलेले असतात, त्यांवरून माणसांना चालवतात, लोंबकळवतात आणि वरून खाली सोडतात. त्याने म्हणे आत्मविश्वास वाढतो आणि एकमेकांना धरून काम करायची सवय लागते. मेघाचा आत्मविश्वास तिथे इतका वाढला की घरी आल्यावर तिने आम्हाला थेट जावयाचं नाव सांगितलं.

नाव होतं नवल अमृतकर, तिच्याच कंपनीतला, राहणार देवपूर, धुळे. समाज आमचाच, मुलगा निर्व्यसनी, त्यामुळे नाकारायला जागाच नव्हती. कॉलनीत आम्ही 'स्थळ सांगून आलं' असंच सांगितलं. साखरपुडा गोडीगुलाबीने झाला आणि दुसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू झाली.

मूळ मुद्दा एकच. मी म्हणत होतो लग्न जळगावला, मुलीच्या दारात. नवलचे वडील अभिमनराव म्हणत होते लग्न धुळ्याला. हे गृहस्थ निवृत्त मुख्याध्यापक. अख्ख्या जन्मात त्यांनी घंटा वाजल्याशिवाय कोणाला उठू दिलेलं नाही. "आमच्याकडे तशी पद्धत नाही," एवढंच वाक्य ते बोलत आणि फोन ठेवून देत. मग मीही एक वाक्य तयार केलं, "आमच्याकडे तर मुळीच नाही." पुढे पुढे आम्ही फोन करायचंही सोडलं. त्यांचं म्हणणं नवलला, नवलचं मेघाला, मेघाचं तिच्या आईला आणि आईचं मला, अशा प्रवासाने निरोप येई. वाटेत त्याला तिखटमीठ लागलेलं असायचं. माघातली चांगली तारीख जवळ येत चालली होती आणि एकाही गावात कार्यालय ठरलेलं नव्हतं.

शेवटी एका रविवारी मेघा आणि नवल दोघं जळगावला आले आणि माझ्यासमोर बसले.

"बाबा, आम्ही ठरवलंय," मेघा म्हणाली. "तुम्ही आणि नवलचे बाबा, दोघांनी त्या शिबिरात एक दिवस यायचं. तिथून आल्यावर जे ठरेल ते आम्हाला मान्य."

"आणि नाही आलो तर?"

"तर नोंदणी पद्धतीने. तीन साक्षीदार, दोन हार."

माझी बायको ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून झाऱ्यासकट बाहेर आली. कॉलनीतल्या प्रत्येक लग्नात तिने पंगतीला आग्रह करकरून वाढलेलं आहे. तिच्या मुलीचं लग्न दोन हारांत? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ताबडतोब म्हणालो, "दोरी कितपत जाड असते?"

ही बातमी शेजारच्या तोतारामनानांना कशी कळली ते मला माहीत नाही, पण तोतारामनानांना बातमी कळायला भिंत लागते आणि आमची त्यांची भिंत सामाईक आहे. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि सल्ला देणं त्यांनी अद्याप थांबवलेलं नाही.

"पितांबर, सरावाशिवाय जाऊ नको," ते म्हणाले. "समोर व्याही असणार. तू पहिल्याच पावलाला पडलास तर जन्मभर खाली मान."

हे मला पटलं. नानांनी स्वतः अंगणात देखरेख केली. कपडे वाळवायचा नायलॉनचा दोर गेटच्या खांबापासून शेवग्याच्या झाडापर्यंत ताणून बांधला. शेवग्याच्या शेंगा चांगल्या असतात, फांदी नाही, हे मला माहीत होतं. नानांना मात्र ते मी पडल्यानंतर आठवलं. मी स्टुलावरून दोरावर पाय ठेवला, दुसरा पाय ठेवला, आणि क्षणभर खरोखरच हवेत उभा राहिलो. मग कडाड असा आवाज झाला. फांदी, मी, दोर आणि दोरावर राहून गेलेली ज्योत्स्नाची साडी असे सगळे एकत्र खाली आलो. गल्लीतली माणसं धावली. गेल्या पावसाळ्यात माझं छत उडालं तेव्हा इतकी माणसं धावली नव्हती.

"लागलं का?" नानांनी विचारलं.

"नाही," मी साडीतून म्हणालो.

"मग उठ. दुसरी फांदी बघू."

इथवर प्रकरण घरगुती होतं. पण आमची धुरपदाआत्या एरंडोलला असते. तिचा फोन आला.

"पितांबर, याहीसंगे डोंगरवर जाई ऱ्हायना आनि माले सांगं नही?"

"आत्या, ते फक्त दोघा बापांसाठी आहे. दोरीवर चालायचं असतं."

"तू दोरीवर चाल. मी खाले बठसु. पन मी येसु."

आता आत्याला घेतलं आणि चुलतभाऊ लखनला घेतलं नाही, असं चालत नाही. लखनला घेतलं की त्याची बायको, तिला घेतलं की माझी मेहुणी बेबाबाई, तिला नाही घेतलं की मग लग्नात तिचं तोंड कोण पाहणार? आम्ही एवढे येणार हे धुळ्याला कळलं, तेव्हा त्यांनी आमच्यापेक्षा चार जास्त कळवले. वरपक्ष कमी कसा असेल? मग मी पाच वाढवले. शेवटी दोन बाप एक दिवस दोरीवर चालणार होते, त्याच्या दोन बस झाल्या.

शिबिरवाल्यांचा नियम होता की पन्नाशीच्या पुढच्या माणसांनी डॉक्टरचा दाखला आणावा. मी सरकारी दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "दाखला कशासाठी? नोकरी, वाहन परवाना की यात्रा?"

"दोरीवर चालण्यासाठी."

बाईंनी चष्मा काढला. "कोणाला चालायचंय?"

"मला. व्याह्यांबरोबर."

त्यांनी आत जाऊन आणखी दोघांना बोलावून आणलं. तिघांनी मला आपादमस्तक पाहिलं. पोटाशी जरा जास्त वेळ थांबले. बरीच चर्चा होऊन शेवटी दाखला 'यात्रा' या सदरात बसवण्यात आला. डॉक्टरांनी माझा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि विचारलं, "लग्न कुठे आहे?" मी म्हणालो, "तेच ठरायचंय." "मग बरोबर आहे," असं म्हणून त्यांनी सही केली.

निघण्याच्या दिवशी पहाटे आमची बस पिंप्राळ्यातून सुटली. एरंडोलला आत्या डब्यासकट चढली. थंडीचे दिवस, म्हणून भरताचं मोठं पातेलं आमच्याकडे होतंच. धुळ्याबाहेर अमृतकरांची बस भेटायची होती. तीही भेटली आणि तिच्यातही भरताचं पातेलं होतं. दोन्ही पातेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्ही एकमेकांकडे न पाहता साक्रीच्या रस्त्याला लागलो.

वाटेत पोलिसांनी थांबवलं. आमच्या बसमध्ये लखनने तोतारामनानांच्या सांगण्यावरून स्वतःचा जाड दोर आणि पाच-सहा मोटारसायकलची हेल्मेटं घेतली होती. हवालदाराने ती पाहिली, मग मागची बस पाहिली, मग आमचे चेहरे पाहिले.

"कुठे निघालात? भांडायला?"

"नाही हो," मी म्हणालो. "मुलीचं लग्न आहे."

"हेल्मेट घालून?"

मी समजावू लागलो. जितकं समजावलं तितका त्यांचा संशय वाढत गेला. शेवटी त्यांनी मागच्या बसमधून अभिमनरावांना खाली बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे तुमचे कोण?"

अभिमनरावांनी मफलर नीट केला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "ते अजून ठरायचं आहे."

मी विमा कंपनीत तीस वर्षं लोकांची बोलणी ऐकली आहेत, पण इतकं लागलेलं नव्हतं. पुढचा घाट मी खिडकीबाहेर पाहत काढला. बाहेर सागाची झाडं होती. तीही माझ्याकडे पाठ करून उभी असल्यासारखी वाटली.

शिबिरात रूपा नावाच्या मॅडमनी आमचं स्वागत केलं. वय पंचविशीचं, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की शिट्टीची गरज का पडावी हे कळेना. हेल्मेटवाटपातच पहिली ठिणगी पडली. धुळेकरांना पिवळी नवी हेल्मेटं मिळाली आणि आम्हाला निळी, पोचे पडलेली.

"हे बरं आहे," बेबाबाई म्हणाली. "मुलाकडच्यांना नवं आणि मुलीकडच्यांना डागडुजीचं. इथपासूनच सुरुवात."

"आम्ही काही मागितलं नव्हतं," पलीकडून नवलची आई रोहिणीताई म्हणाल्या. "मिळालं ते घातलं."

रूपा मॅडमनी शिट्टी वाजवली. सगळी हेल्मेटं गोळा केली, ढीग केला आणि डोळे मिटून वाटली. अभिमनरावांच्या वाट्याला पोचे पडलेलं निळं आलं. मला तेवढ्याने बरं वाटलं.

पहिला खेळ होता चौरंगाएवढ्या फळीवर जास्तीत जास्त माणसं उभी करायचा. दोन्ही बाजूंची माणसं मुद्दाम मिसळलेली. आता विहिणी एकमेकींच्या कमरेला धरणार तरी कशा? "तुम्ही आधी चढा," "छे, तुमचा मान," "नाही नाही, तुम्ही वरमाई," असं चाललं आणि फळी रिकामीच राहिली. शेवटी धुरपदाआत्या जाऊन फळीच्या मधोमध मांडी घालून बसली.

"आजी, उभं राहायचंय," रूपा मॅडम म्हणाल्या.

"माय, मना गुडघा दुखी ऱ्हायना. मनाभवते बठ्ठा उभा ऱ्हावा."

मग सगळे तिच्याभोवती उभे राहिले. पडू नये म्हणून रोहिणीताईंनी ज्योत्स्नाचा खांदा धरला, ज्योत्स्नाने त्यांचा दंड धरला, आणि कोणाचा तरी पाय आत्याच्या लुगड्यावर पडला तेव्हा आत्याने जे शब्द काढले ते ऐकून दोन्ही पक्ष एकदमच हसले. मी आणि अभिमनराव तेवढे हसलो नाही. आम्ही फळीच्या विरुद्ध टोकांना एकेका पायावर उभे होतो.

मग आमची पाळी आली.

जमिनीपासून मांडीएवढ्या उंचीवर दोन तारा बांधल्या होत्या. एका टोकाला त्या जवळजवळ, आणि पुढे पुढे एकमेकींपासून लांब होत गेलेल्या, आणि खाली भाताच्या तुसाचा जाड थर. "समोरासमोर उभं राहायचं," रूपा मॅडम सांगू लागल्या. "एकेकाने एकेका तारेवर. तळहाताला तळहात लावायचे आणि बाजूबाजूने सरकत जायचं. तारा लांब जातील तसं समोरच्यावर रेलत जायचं. ज्याने स्वतःचा भार स्वतःकडे ठेवला, तो दोघांना पाडतो."

"आधी तुम्ही चढा," अभिमनराव मला म्हणाले. आमच्यात महिनाभरात झालेलं हे पहिलं बोलणं.

"छे, वरपक्ष आधी."

"दोघं एकदम!" रूपा मॅडम ओरडल्या.

चढलो. तळहात लावले. त्यांचा गार, माझा घामट. एक पाऊल सरकलो आणि पडलो. पुन्हा चढलो, पुन्हा पडलो. कारण उघड होतं. मी त्यांच्यावर रेलायला तयार नव्हतो आणि ते माझ्यावर. माझ्या नाकात तूस गेला. एक शिंक आली आणि मागून बेबाबाई म्हणाली, "शुभशकुन."

तिसऱ्या वेळी आत्या ओरडली, "अरे पितांबर, याहीले नीट धर! तो काय विस्तव शे का?"

मी डोळे मिटले आणि भार टाकला. पलीकडूनही भार आला. आणि काय आश्चर्य, आम्ही सरकू लागलो. तारा लांब होत गेल्या, आम्ही आडवे होत गेलो. थोड्या वेळाने आम्ही दोघं मिळून एका छपरासारखे झालो होतो. माझं नाक त्यांच्या नाकापासून वीतभर, तोंडाला बडीशेपेचा वास. आता दोघांपैकी कोणी तसूभरही हललं तर दोघंही खाली, हे दोघांनाही समजलं होतं.

"कोठावदे," अभिमनराव ओठ न हलवता म्हणाले, "हलू नका."

"मी नाही हलत. तुमचं पोट हलतंय."

"मी श्वास घेतोय."

"कमी घ्या."

मग माझ्या डोक्यात एक विचार आला. विमा कंपनीतल्या माणसाला संधी ओळखता येते. मी हळूच म्हणालो, "लग्न जळगावला म्हणा, नाहीतर मी हात काढतो."

"काढा. तुम्ही आधी तोंडावर पडाल."

"चालेल. मला सवय आहे. अंगणात पडून आलोय."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू होतं की ताण, इतक्या जवळून कळत नाही. मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "कोठावदे, मी हट्टी नाही हो. माझी आई शहाऐंशीची आहे. तीन वर्षांत घराचा उंबरा ओलांडलेला नाही तिने. जळगावपर्यंत तिला नेणार कशी? नातवाचं लग्न तिच्या डोळ्यांसमोर व्हावं, एवढंच."

"मग हे आधी का नाही बोललात?"

"वरपक्षाने विनवण्या करायच्या? पद्धत नाही." ते थांबले. "आणि तुमचं काय एवढं अडलंय जळगावात?"

आता खोटं बोलायला हात मोकळे लागतात. माझे नव्हते. मी म्हणालो, "धुळ्यात मला कोणी ओळखत नाही. मांडव कोणाला सांगायचा, आचारी कोण, दूध कुठून, काही ठाऊक नाही. काही कमी पडलं तर मी कोणाकडे धावू? स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी हात बांधून पाहुण्यासारखा उभा राहीन, याची भीती वाटते."

अभिमनराव बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. तसं पाहण्यावाचून त्यांना दुसरा इलाजही नव्हता. त्यांच्या तळहातांचा जोर तेवढा वाढला.

"माझ्याकडे धावा की," ते म्हणाले.

मी काहीतरी उत्तर देणार होतो. चांगलं उत्तर होतं, आता आठवत नाही. कारण तेवढ्यात लखनने मोबाइल समोर धरला आणि ओरडला, "दादा, दोघं जरा इकडे बघा!"

आमच्या पिढीला फोटो म्हटलं की मान वळवायची सवय आहे. दोघांनी एकदम मान वळवली.

मी खाली, अभिमनराव वर आणि तूस सगळीकडे. त्या फोटोत आमचे दोन पाय आणि एक निळं हेल्मेट एवढंच आलं आहे. दोन्ही बसमधली माणसं धावत आली आणि ज्याच्या हाताला जो लागला त्याला त्याने उचललं. मला अमृतकरांच्या थोरल्या भावाने उठवलं, त्यांना आमच्या लखनने. ज्योत्स्ना माझ्या कानातला तूस काढत होती आणि रोहिणीताई तिला पदर देत होत्या. अभिमनरावांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यांनी कपडे झटकले, घसा साफ केला आणि शाळेत प्रार्थनेनंतर बोलायचे तसे मोठ्याने म्हणाले, "सर्वांनी ऐका. लग्न जळगावला होईल."

त्याच वेळी मी म्हणालो होतो, "लग्न धुळ्याला होईल."

"मी जळगाव म्हणालोय."

"आणि मी धुळे. तुमच्या आईंसाठी."

"मी तुम्हाला पाहुणा होऊ देणार नाही, कोठावदे. जळगावलाच!"

"अहो, धुळ्यालाच!"

आवाज चढले. पंधरा मिनिटांत आम्ही जिथे होतो तिथेच परत आलो, फक्त गावं बदलून. मेघाने कपाळाला हात लावला. नवल तुसात खाली बसला. जेवणं झाली, दोन्ही पातेली एकमेकांत मिसळली, रोहिणीताईंनी आमच्या भरताला छान म्हटलं, पण आम्ही दोघं आपापल्या नव्या मुद्द्यावर ठाम होतो. माघारी जाताना मी अभिमनरावांच्या बसमध्ये बसलो, कारण वाद अर्धवट राहिला होता. साक्री गेलं तरी तो संपला नाही.

दिवेलागणीला धुळ्याला पोचलो. अभिमनराव म्हणाले, "चला, आईचा आशीर्वाद तरी घ्या. मग जा."

त्यांच्या आई भिकुबाई खाटेवर बसल्या होत्या. बारीक चण, नाकात मोठी नथ, समोर भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. त्या सोलत होत्या. मी पायावर डोकं ठेवलं. अभिमनरावांनी त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. तुला त्रास नको म्हणून धुळं, पण पितांबररावांसाठी जळगाव, पण पितांबरराव म्हणतात धुळं.

भिकुबाईंनी शेंग खाली ठेवली.

"अभिमन, माले कोणी इचारं का?"

अभिमनराव ढिगातली एक शेंग उचलून सोलू लागले.

"मी जाऊ शकाव नही, हाई कोन म्हने? तूच म्हने. तीन वरीस तू माले घरमा बसाडी ठेयं. डाक्टर चालाले सांगस, तू म्हनस पडशी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जळगावमा तुमनं घर खाले शे का जिना चढना पडस?"

"खालीच आहे, आजी. अंगण आहे. शेवगा होता, तो..."

"बस कोठे शे?"

"आमची बस बाहेरच उभी आहे."

त्यांनी पाय खाली सोडले. "रोहिनी, मनी पिशवी भर. औषधं टाक. मी आतेच चालनू."

"आई! लग्नाला अजून दीड महिना आहे!" अभिमनराव ओरडले.

"व्हई. तवलोंग मी तठे आराम करसु."

आम्ही त्यांच्यामागे बसपर्यंत गेलो. काठी टेकत, कुणाचा हात न धरता त्या चालल्या. चढताना मात्र त्यांनी धुरपदाआत्याचा हात घेतला. दोघी शेजारी बसल्या आणि एरंडोल येईपर्यंत एका अक्षराचीही उसंत न घेता बोलत राहिल्या. आत्या एरंडोलला उतरलीच नाही. "भिकुमायले एकटीले कसं धाडू?" म्हणाली.

लग्न अर्थात जळगावला झालं. पण त्याआधीचा दीड महिना कोणी विचारू नका. वरपक्षातलं सर्वांत मोठं माणूस मुलीच्या घरी राहायला, असं खानदेशात आजवर कोणी ऐकलं नसेल. तोतारामनाना रोज संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून भिकुबाईंकडून सल्ला घेत. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कोणाचा सल्ला घेतलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आचारी कोण, मांडव कुठे, कोणत्या विहिणीला कुठे बसवायचं, हे सगळं भिकुबाईंनी आमच्या ओट्यावर बसून ठरवलं. अभिमनराव मात्र दर रविवारी धुळ्याहून बसने येत. वरपिता मुलीच्या दारात, हातात फळांची पिशवी, चपला बाहेर काढून.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ते आईला न्यायला गाडी घेऊन आले. भिकुबाई ओट्यावर उन्हात बसल्या होत्या.

"चल आई, कार्य झालं. घरी चल."

त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"याले इचार. यानं धाडं तर येसु."

अभिमनराव माझ्याकडे वळले. मी मफलर नीट केला, थोडा विचार केला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडलो, "अगं, एक चहा वाढव. अभिमनराव जेवूनच जातील, आणि आजी काही आज निघत नाहीत."